टिटवीची शांतता आणि चकलीचा प्रवेश

एका जंगलात एक नाट्यगृह होतं. मुलांनो, जंगलात नाट्यगृह कशाला, असं विचारू नका. शेजारच्या जंगलात होतं, म्हणून या जंगलातही होतं. बरीचशी नाट्यगृहं अशीच बांधली जातात.

दोन टेकड्यांमधल्या घळीत ते उभं होतं. वर सागाच्या पानांचं छप्पर, खाली दगडांच्या रांगा. आत दिवे नव्हते, म्हणून प्रयोग दुपारीच व्हायचे. दाराशी केळीच्या पानावर लिहिलेली एक पाटी होती: 'खाण्याचे पदार्थ आत नेऊ नयेत.' पहिल्याच आठवड्यात एका नीलगाईने ती पाटी खाल्ली. तिला कुणी काही म्हणालं नाही. ती दाराबाहेर उभी राहून खात होती, आणि पाटीचं म्हणणं आत नेण्यापुरतंच होतं.

त्यानंतर एकच नियम उरला. नाटक चालू असताना शेजारी बसलेल्याला खायचं नाही. तो सगळ्यांनी पाळला. त्यामुळे आपलं जंगल फार सुसंस्कृत आहे, असं सगळे म्हणू लागले.

या नाट्यगृहात इंदुमतीबाई नावाची एक टिटवी काम करायची. आता टिटवी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ओरडणं. पान हललं तरी ओरडणं, नाही हललं तरी ओरडणं. पण इंदुमतीबाईंचं नाव झालं होतं ते गप्प राहण्यासाठी.

त्यांच्या नाटकात एक आई होती. तिचं पिल्लू उडून दूर देशी गेलेलं. ती रोज नदीकाठी वाट बघते. शेवटच्या अंकात एक कावळा येतो, तिच्यापुढे एक पीस ठेवतो आणि निघून जातो. ते पीस कुणाचं, हे आईला कळतं. नाटकाच्या वहीत तिथे एकच शब्द लिहिलेला होता: 'थांबते.'

त्या एका शब्दासाठी बाईंनी चार महिने तालीम केली होती. पहिल्या दिवशी त्या तीन श्वास गप्प राहिल्या आणि मग चोचीतून 'टिट्' निघालंच. पुढे पाच श्वास झाले, मग दहा. शेवटी त्यांना उमगलं की ओरड गिळायची नाही, ती गळ्यात तशीच धरून ठेवायची, म्हणजे ती बघणाऱ्याच्या गळ्यात जाऊन अडकते. ते जमलं, आणि त्या जागी अख्खं नाट्यगृह श्वास रोखू लागलं. वाघसुद्धा खाली बघायचा. बाहेर आल्यावर डोळ्यात चिलट गेलं म्हणायचा.

सगळ्यात मागच्या रांगेत, खांबाला टेकून, धोंडिबा नावाचं एक म्हातारं खवल्या मांजर बसायचं. ते प्रत्येक प्रयोगाला यायचं. त्याचा मुलगा तीन वर्षांपूर्वी वारूळ शोधायला म्हणून जंगलाबाहेर गेला होता आणि परत आला नव्हता. त्याच्याबद्दल धोंडिबा कधी कुणाशी बोलला नाही. तो घरून मुंग्या खाऊन यायचा, शेपूट पोटाशी घेऊन बसायचा, आणि त्या शांततेत रडून घ्यायचा. पडदा पडला की डोळे पुसून घरी. बाईंना रंगमंचावरून तो दिसायचा. त्या त्याच्याशी कधी बोलल्या नव्हत्या, पण तो आलाय ना, हे त्या आधी बघून घ्यायच्या.

तर एका दुपारी काय झालं, की भाऊसाहेब नाटकाला आले.

भाऊसाहेब म्हणजे रानडुक्कर. पाणवठ्याच्या समितीचे अध्यक्ष. पाणी सगळ्यांनाच प्यायचं असतं, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघून हसायचे. तिसरी घंटा होऊन गेल्यावर ते सहकुटुंब आले आणि पहिल्या रांगेत मधोमध बसले. आधी बसलेली हरणं आपणहून उठली. बरोबर टोपली होती. टोपलीत भाजलेल्या शेंगा, रताळ्याच्या फोडी आणि चकल्यांचा डबा.

पहिला अंक झाला, दुसरा झाला. भाऊसाहेबांनी टोपलीला हात लावला नाही. विंगेतून बघणाऱ्या व्यवस्थापक कोल्ह्याचा जीव भांड्यात पडला. मोठ्या माणसांबद्दल आपण उगाच वाईट बोलतो, असंही त्याला वाटलं.

तिसरा अंक आला. कावळ्याने पीस ठेवलं आणि तो गेला. बाईंनी पीस उचललं. नाट्यगृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

टाचणी पडली नाही. डब्याचं झाकण उघडलं.

मग चकली मोडली. मुलांनो, चांगली चकली कशी ओळखायची हे तुमची आई सांगेल. ही फारच चांगली होती. तिचा आवाज छपरापर्यंत गेला आणि परत आला. मग शेंगा फुटू लागल्या. मग थोरल्या पिल्लाने विचारलं की त्या बाईच्या हातातलं खायचं आहे का. त्याला सांगण्यात आलं की ते पीस आहे, गप्प बस, रताळं घे.

बाई थांबल्या होत्या, थांबूनच राहिल्या. चकली संपेल, असं त्यांना वाटलं. एक संपली. दुसरी निघाली. त्यांच्या गळ्यातली ओरड उतरून गेली, आणि हातात नुसतं एक पीस राहिलं.

तेव्हा त्या पुढे आल्या. रागावल्या नाहीत. पहिल्या रांगेकडे बघून म्हणाल्या, "भाऊसाहेब, आपलं होऊ द्या. मी थांबते."

कुणालाही वाटलं असतं की हा टोमणा आहे. पण टोमणा कळायला तो आपल्याला असू शकतो, हे आधी मान्य करावं लागतं. भाऊसाहेबांना ते मान्य नव्हतं. ते गहिवरले. उभे राहून म्हणाले, "बाई, दुसरं कुणी बोलत असताना खाऊ नये, असं आमच्या आईनं शिकवलंय. म्हणून दोन अंक कळ काढली. तुम्ही गप्प झालात, तेव्हाच डबा उघडला. आमची रीत तुम्ही जाणलीत."

आणि ते निवांत बसून जेवले.

अध्यक्ष जेवतायत म्हटल्यावर माकडांनी बोरं काढली. सशांनी गाजरं काढली. सगळ्यांकडे काही ना काही होतंच, आतापर्यंत ते लपवून ठेवलेलं होतं एवढंच. अर्ध्या तासाने भाऊसाहेबांनी ढेकर दिली आणि बाईंना पुढे चालू करायची खूण केली. बाईंनी उरलेला अंक कसाबसा पुरा केला. मागे खांबापाशी धोंडिबा कोरड्या डोळ्यांनी बसून राहिला होता.

बाईंना वाटलं, झालं ते झालं, उद्या नवा प्रयोग.

पण त्या जंगलात एक पोपट होता. तो नाटकांवर लिहायचा. त्याला वाटलं की हे नाटकातच आहे. त्याने लिहिलं की टिटवीबाईंनी रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधली भिंत पाडली, आईच्या भुकेल्या मनापुढे समाजाचं भरलेलं पोट ठेवलं, आणि असं धाडस गेल्या दहा पावसाळ्यांत झालं नव्हतं. खरं म्हणजे तो पहिल्या अंकानंतर पेरूच्या झाडावर गेला होता. हे सगळं त्याने कावळ्याकडून ऐकलं होतं.

पुढच्या प्रयोगाला दगडावर दगड ठेवून जागा कराव्या लागल्या. सगळे डबे घेऊन आले. पहिले दोन अंक लोक चुळबुळत होते. कावळा पीस घेऊन आला, तशा टाळ्या पडल्या. त्याने ते खाली ठेवलं मात्र, आणि चारशे झाकणं एकदम उघडली.

बाई कोल्ह्याकडे गेल्या. त्यांनी त्याला समजावलं की ती शांतता आईची आहे, तिथे कुणी खाल्लं तर मूल पुन्हा एकदा मरतं. कोल्ह्याने सगळं नीट ऐकून घेतलं. तो वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, पूर्वी लोक तुमची शांतता सहन करायचे. आता तिची वाट बघतात. कलावंताला आणखी काय हवं?"

कोल्ह्याने जाता जाता विचारलं की शांतता थोडी लांबवता येईल का, कारण हत्तींचं जेवण पंगतीच्या मानाने हळू होतं.

मग भाऊसाहेबांच्या अध्यक्षतेखाली एक शिष्टाचार समिती नेमली गेली. नाटकाला येणाऱ्यांना वळण लावायला हवं, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. समितीने नियम केले. कुरकुरीत पदार्थ फक्त शांततेत खावेत. संवाद चालू असताना मऊ पदार्थ चालतील. लोणचं मागताना शेजाऱ्याचा पाय तुडवू नये. जे काहीच न खाता नुसते बघत बसतात, त्यांनी निदान हातात फळ धरावं, म्हणजे इतरांना अवघडल्यासारखं होणार नाही. आणि शेवटचा नियम असा, की जेवणाऱ्यांसमोर रडू नये, अन्नाचा अपमान होतो.

तुम्ही हसू नका. हे नियम आता पानावर लिहीत नाहीत, दगडावर कोरतात. नीलगाय तिथेही जाऊन आली, पण दगड काही तिला खाता आला नाही.

पुढचा प्रयोग पौर्णिमेच्या आदल्या दुपारचा. धोंडिबा आला. दाराशी त्याच्या हातात कुणीतरी एक पेरू दिला. त्याने तो शेजारी ठेवला आणि शेपूट पोटाशी घेऊन बसला. बाईंनी विंगेतून त्याला बघितलं आणि मनाशी ठरवलं की आज त्या फक्त मागच्या खांबासाठी थांबतील. बाकीचं नाट्यगृह त्या ऐकणार नाहीत.

कावळा आला आणि गेला. बाईंनी पीस उचललं. झाकणं उघडली, पानं वाढली गेली, कुणीतरी मीठ मागितलं. बाई खांबाकडे बघत राहिल्या. हळूहळू गळ्यातली ओरड परत आली. पहिल्यासारखी, काठोकाठ. आणि मागच्या रांगेत धोंडिबाला हुंदका फुटला.

सशाची बायको वळून बघू लागली. मग तिच्या पुढची रांग वळली. कुणीतरी म्हणालं की घास घशाखाली उतरत नाही. तेव्हा दारावरचा वानर आला. त्याने अगदी हळू आवाजात, पाठीवर हात ठेवून, धोंडिबाला उठवलं. धोंडिबा लगेच उठला. वाटेतल्या प्रत्येकाची त्याने माफी मागितली. भाऊसाहेबांनी लांबूनच त्याला हात केला. म्हणजे माफ केलं, असा.

बाई रंगमंचावरून हे सगळं बघत होत्या. बोलायला त्यांच्याकडे वाक्य नव्हतं. वहीत तिथे 'थांबते' एवढंच होतं.

त्यांनी पीस पंखाखाली धरलं. कडेच्या पायऱ्या उतरल्या. पंगतींच्या मधून चालत गेल्या. एका हत्तीने त्यांना वाढपी समजून कढी आहे का विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि त्या दाराबाहेर पडल्या. आत एकानेही वर बघितलं नाही. रंगमंच मोकळा होता आणि सगळे जेवत होते.

बाहेर धोंडिबा एका दगडावर बसला होता. बाईंना बघून तो गडबडला. म्हणाला, "बाई, माझ्यामुळं तुमचं काम मोडलं. मी तोंडात पेरू धरून बसायला पाहिजे होतं."

"बसून रहा," बाई म्हणाल्या. "माझं अर्धं राहिलंय."

त्या त्याच्यापासून दहा पावलांवर गेल्या. तिथे ना पडदा होता ना नदी. त्यांनी पीस समोर धरलं आणि थांबल्या. किती वेळ, ते सांगता येत नाही, मोजायला तिथे कुणी नव्हतं. धोंडिबा रडला, मोठ्याने रडला, नाकाने आवाज करत रडला, आणि त्याला कुणी उठवलं नाही. मग बाईंनी शेवटची तीन वाक्यं म्हटली आणि नमस्कार केला. धोंडिबाने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने आपल्या मुलाचं नाव सांगितलं. "काशिनाथ," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात कोल्हा धापा टाकत बाहेर आला. बाईंना वाटलं, हा आता रागावणार. पण त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. त्याने सांगितलं की आत श्रीखंड वाढलंय, आणि आजच्याइतका रंगलेला प्रयोग त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मोकळा रंगमंच सगळ्यांना फार आवडला होता. पोपटाने तर विचारलं होतं की ही कल्पना कुणाची.

"तेव्हा बाई," कोल्हा नम्रपणे म्हणाला, "उद्यापासून तुम्ही दगदग करू नका. फलकावर तुमचंच नाव राहील. मोठ्या अक्षरात."

आणि ते राहिलं. ते नाटक त्या जंगलात अजून चालू आहे. गेल्या महिन्यात त्याचा पाचशेवा प्रयोग झाला. त्यात काम कुणीच करत नाही. बसायला जागा मिळत नाही, आणि येताना आपापलं ताट आणावं लागतं.

तात्पर्य: कलावंताने पोटासाठी कला करावी. पोट कोणाचे, हे विचारणे शिष्टाचाराला धरून नाही.