चौथं कडवं

ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स भागातल्या सुपरमार्केटमध्ये दूध आणायला गेलेला माणूस वीस मिनिटं परत आला नाही, तर तो चोरीला गेला असं समजू नये. तो कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवर भांडत असतो. छतातल्या स्पीकरवर एक गाणं चालू असतं आणि गजभिये काउंटरवरच्या पोरीला विचारत असतात, "हू सँग इट फर्स्ट? टेल मी द नेम!"

"सॉरी, इट्स जस्ट द रेडिओ," ती बिचारी म्हणते.

"जस्ट?" गजभिये माझ्याकडे वळतात. "ऐकलंस का बे? जस्ट म्हणते!"

गजभिये नागपूरचे. आम्ही एकाच फार्मसीत काम करायचो आणि येताजाता त्यांच्याच गाडीतून जायचो. औषधांच्या बाबतीत या माणसाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डॉक्टरांची चूकसुद्धा अदबीनं दाखवतील. पण ते एक गाणं कानावर पडलं, की अदब गेली खड्ड्यात.

गाणं रिदम अँड ब्लूजचं. सोडून गेलेला नवरा परत येतो आणि बायको आतूनच सांगते की बाबा, आता दार उघडायचं नाही, एवढीच गोष्ट. मूळ म्हणणारी अमेरिकेच्या दक्षिणेकडची एक काळी बाई, लाँड्रीत कपडे धुणारी. तिनंच रचलं, तिनंच गायलं. चौथ्या कडव्यात स्वतःचं नाव घातलं, लाँड्रीचं नाव घातलं. मग एका गोऱ्या पोरानं ते उचललं आणि चौथं कडवं गाळलं. त्याचं ऐकून इंग्लंडच्या चार पोरांनी म्हटलं. मग कुणी त्यावर डिस्को केला, आणि इथल्याच कुणी युकुलेलेच्या चिमुकल्या गिटारीवर वाजवून गालिच्यांच्या जाहिरातीला दिलं. सगळ्यांनी तीनच कडवी म्हटली. हा सगळा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण गाडीत बसलं की सुटका नव्हती. डॅशबोर्डखाली सतरा कॅसेटी होत्या, एकच गाणं सतरा गळ्यांतलं. सोळांवर लाल पेनानं फुली आणि एकीवर त्या बाईचं नाव.

"लाँड्रीवालीचं नाव कापलं यांनी," स्टिअरिंगवर हात आपटत ते म्हणायचे. "काहून? तिचं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती का?"

मला या माणसाचा मनापासून राग यायचा. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी थांबलेली एक गोरी आजी एकदा तेच गाणं गुणगुणत होती. हे काउंटरवरून म्हणाले, "मॅडम, अँड द फोर्थ व्हर्स?" आजीनं चौथं कडवं कधी ऐकलंच नव्हतं. मग तिला संपूर्ण इतिहास मिळाला. त्यानंतर तिचं प्रेशर मोजलं तर ते आणखी चढलेलं. आमच्या मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्या मित्राला आवर. मित्र! मी फक्त पेट्रोल वाचवत होतो.

एप्रिलमध्ये ते मला आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. बाबासाहेबांच्या फोटोला हार, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुलावाचा वास. इथंच जन्मलेली सात-आठ मुलं स्टेजवर आली. त्यांना शिकवणाऱ्या प्रज्ञाताई माइकवर म्हणाल्या, "आता एक पारंपरिक भीमगीत. कवी अज्ञात."

मुलं छान गायली. इंग्रजी वळणाचं मराठी, पण ठेका पक्का. तीन कडवी झाली, टाळ्या झाल्या. आता हे उठून 'मूळ कोणाचं' म्हणून ओरडणार, या भीतीनं मी गजभियेंची बाही घट्ट धरून ठेवली होती. ते उठले खरे, पण मुकाट्यानं बाहेर गेले.

मी मागोमाग गेलो. गाडीला टेकून उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं. ते खिशात चावी शोधू लागले. मग मला सुचलं ते मी बोललो. "मूळ कोणाचं?"

"माझ्या आईचं."

मी त्यांच्या शेजारी गाडीला टेकलो.

"विड्या वळायची. वळता वळता गाणी जोडायची. शेवटच्या कडव्यात नाव टाकायचं, ही रीतच आहे आमच्यात." मग त्यांनी ते नुसतं बोलून दाखवलं:

"सूप मांडीवर अन् विड्यांची रास,
पार्वता म्हणे, माझा लेक होईल पास."

"मग ते कडवं गाळलं कुणी?" मी तावातावानं विचारलं. इतके महिने त्यांचा राग ऐकून तो मलाही चढला होता. "कोण तो नालायक?"

"मी," गजभिये म्हणाले. "कॉलेजच्या गॅदरिंगला. समोर सगळी डॉक्टर-वकिलांची पोरं. विड्या म्हणायची लाज वाटली मले. तीनच कडवी गायलो. भीमगीतांच्या एका पार्टीवाल्याला आवडलं, त्यानं माझ्याच आवाजात कॅसेट काढली. मग सगळे तीनच म्हणाले."

"आणि आई?"

"कॅसेट ऐकली तिनं. म्हणाली, चांगलं गायलास बाप्पा. चौथ्याचं काही बोलली नाही. मरेपर्यंत नाही बोलली."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना ओढतच आत नेलं. खुर्च्यांच्या घड्या घालणं चालू होतं, माइक बंद झाला होता. मुलं पुलाव खात होती.

"प्रज्ञाताई, मुलांना थांबवा," मी म्हणालो. "गाणं अपुरं राहिलंय."

गजभिये उभे राहिले. सुपरमार्केट दणाणून सोडणारा तो आवाज पार बसला होता. एकदा खाकरले, दोनदा खाकरले आणि चौथं कडवं गायले. 'पार्वता'पाशी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा तिथूनच म्हटलं.

पुढ्यातच बसलेली एक चिमुरडी चमचा तोंडात धरून ऐकत होती. "अंकल," तिनं विचारलं, "डिड ही पास?"

"हो," गजभिये म्हणाले. "पास झाला. पण आईचं नाव विसरला."

"दॅट्स मीन," पोरगी म्हणाली. "व्हॉट वॉज हर नेम अगेन?"

गजभिये तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ते नाव तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.