अजून एक पाणी

अण्णांनी एकदा भर लग्नाच्या मांडवात, आहेरात मिळालेलं शर्टाचं कापड पाण्याच्या पिंपात बुडवलं. वधूपिता हात जोडून उभा, बायका तोंडाला पदर लावून हसतायत, आणि अण्णा शांतपणे कापड पिळतायत. "घरी जाऊन इसरलो तर?" एवढंच म्हणाले.

सत्तरच्या दशकात सोलापुरात आम्ही त्यांच्या शेजारी राहायचो. अण्णा मूळचे करमाळ्याकडचे. सगळी हयात गिरणीत कापडाच्या घड्या घालण्यात गेलेली, पण कोऱ्या कापडावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "गिरणीत आमीच त्याला ताणून लांब करतो, बाई. गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की ते अंग चोरतं." नव्या पेठेतून कुणी कापडाचं पुडकं घेऊन येताना दिसलं, की ओट्यावरून हाक यायची, "पानी दावलं का?"

मी दाराच्या पडद्याचं कापड आणलं, मशीन उघडलं, कात्री हातात घेतली, आणि अण्णा दारातून ओरडले, "थांबा!" मला वाटलं, पायाशी विंचू आहे.

नळाला तेव्हा सकाळी जेमतेम तासभर पाणी यायचं. त्यातल्या आपल्या दोन बादल्या त्यांनी माझ्या कापडाला दिल्या. रात्रभर भिजवलं, खळ जाईपर्यंत खळबळलं, सावलीत वाळवलं. मग एक टोक माझ्या हातात दिलं. "वढा. अजून वढा. भांडन झाल्यावानी वढा!"

"मलाबी लगीन झाल्यावर असंच भिजवून ताणलं ह्यांनी," उंबऱ्यावरून पारूमावशी म्हणाल्या. त्या अण्णांच्या बायको. अण्णा लाजले. मग आडवा एक धागा ओढून काढला आणि त्या रेघेवर कात्री चालवायला सांगितली. कापड वीतभर आटलं होतं. बक्षीस मिळाल्यासारखी ती वीत ते गल्लीभर दाखवत फिरले.

पुढच्या उन्हाळ्यात मावशींनी अंथरूण धरलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एकच खोली, एकच खिडकी, तीही पश्चिमेला. खाट दुसरीकडे मावेना. तीन वाजले की ऊन थेट मावशींच्या तोंडावर यायचं.

"एक पडदा लावा की," मावशी म्हणाल्या.

अण्णा त्याच दिवशी हिरवं जाड कापड घेऊन आले. मी म्हटलं, "द्या, संध्याकाळपर्यंत शिवून देते."

"न्हाय. आधी पानी."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, रंग सुटतोय. तिसऱ्या दिवशी कापड तिरकं वाळलं होतं. मी रोज विचारायची आणि रोज तेच उत्तर यायचं, "अजून एक पानी." पंधरा दिवस झाले. आणि रोज तीन वाजता अण्णा खिडकीला पाठ लावून उभे राहायचे. सावली मावशींच्या तोंडावर पडेल असे, ऊन उतरेपर्यंत. सदरा घामानं पाठीला चिकटलेला. स्टूल दिलं तर म्हणाले, "बसलो की ऊन डोक्यावरनं जातं."

मला चीड आली. आजारी बाईपुढे कसला हा हट्ट? एकदा ते नळावर गेलेले असताना मी मावशींना म्हटलं, "मी दोरीवरून कापड ओढून आणते आणि आत्ता शिवते."

त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, पण सोडलं नाही.

"नगं. डाक्टरनं त्यान्ला सांगितलंय, आता करण्याजोगं कायबी न्हाय. तवापास्नं हात थरथरत्यात त्यांचं. कापड भिजवत्यात, तेवढा वेळ हात थांबत्यात."

त्यांना दम लागला. मग हसल्या.

"आन् पडदा झाला, तर दुपारचं हितं कशाला उभं ऱ्हातील?"

मी पुन्हा कधी विचारलं नाही. उलट अण्णा दिसले की म्हणायची, "अजून थोडा रंग सुटतोय बघा." ते मान हलवायचे. "व्हय. मलाबी तसंच वाटतंय."

ज्येष्ठात एका सकाळी मावशी गेल्या. अंगणात दोरीवर ते कापड ओलंच होतं. तिरडीच्या आड येत होतं म्हणून कुणीतरी काढून बाजूला ठेवलं.

दिवसकार्य झाल्यावर अण्णा आमच्या दारात आले. कापडाची घडी केलेली, काठाला काठ लागलेला. इतक्या पाण्यांनी ते जुन्या लुगड्यासारखं मऊ झालं होतं.

"आता शिवा. तुमच्या खिडकीला."

"आणि तुमच्या?"

त्यांनी आत डोकावून आमच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"नगं. ऊन येऊ दे. तेवढंच कुनीतरी घरात येतं."

तीन वाजायला आले होते. चपला पायांत नीट न सरकवताच ते घाईघाईनं घराकडे निघाले.