ही थरथर ती नाही

बँकेत सही तपासण्याच्या टेबलावर मी हयात घालवली. काम साधं होतं. खातेदाराची आजची सही आणि खात्यावरची नमुना सही शेजारी शेजारी धरायच्या आणि मान हलवायची. ती उभी हलवायची की आडवी, एवढाच काय तो अधिकार, पण तो मी पुरेपूर गाजवला. माझी मान सहसा आडवीच हलत असे. खातेदार माझ्या माघारी मला ‘जुळत नाही’ म्हणत आणि ते कानावर आलं की मला बढती मिळाल्यासारखं वाटे.

पुढे मला कंपवात झाला. उजवा हात आधी लाजतलाजत आणि मग राजरोस थरथरू लागला. स्वतःला सवलत द्यायची नाही म्हणून मी रीतसर अर्ज केला, खात्यावरची जुनी सही रद्द केली आणि थरथरती सही नमुना म्हणून दिली. शाईत पडलेला मुंगळा कागदावरून पळावा तशी ती दिसत होती. हाताखाली नव्याने आलेल्या मुलीला मी ती कौतुकाने दाखवली. म्हटलं, “माणूस ओळखीचा असला तरी सहीकडेच बघायचं. चेहरा काय, कुणीही घेऊन येतो.”

निवृत्तीनंतर हात इतका बिघडला की बायको मला अर्धाच कप चहा देऊ लागली, तोही मोरीजवळ उभं करून. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी यंत्र सुचवलं. डोक्यात दोन बारीक तारा, छातीवर कातडीखाली काडेपेटीएवढी डबी. डबीतून तारांना सतत हलकी वीज जाते आणि मेंदूतला जो भाग उगाच दंगा करतो त्याला ती गप्प बसवते. कमीजास्त करायला एक छोटा रिमोट.

यंत्र सुरू झालं आणि हात थांबला. घरी आल्यावर मी काठोकाठ भरलेला कप उचलला, खोलीभर फिरलो आणि एक थेंबही न सांडता तो बायकोच्या हातात दिला. ती आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

काही वर्षं सुखात गेली आणि डबीची बॅटरी संपत आली. “छोटं ऑपरेशन आहे, पण लांबवू नका,” डॉक्टर म्हणाले. “बंद पडली तर अंग ताठेल, खाटेवरून उठणंसुद्धा मुश्किल होईल.” ऑपरेशनचे पैसे बँकेत होते. बायकोला घेऊन मी बँकेत गेलो.

माझ्या टेबलावर आता तीच मुलगी बसते. मला पाहून ती उठली, तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पैसे काढायच्या स्लिपवर सफाईदार सही ठोकली. तिने ती नमुन्याशेजारी धरली आणि तिचा चेहरा उतरला.

“सर, जुळत नाही.”

“अगं, मी तुझ्यासमोर बसलोय.”

“चेहरा काय सर, कुणीही घेऊन येतो.”

मला खरं म्हणजे राग यायला हवा होता. पण ऊर भरून आला. आपण लावलेलं रोप इतकं काटेरी निघावं, याहून शिक्षकाला आणखी काय हवं!

“बरं, मग नवा नमुना घे,” मी म्हणालो.

“घेते की. अर्जावर खात्यावरची थरथरती सही करा.”

“ती आता येत नाही ना.”

“मग नवी घेता येत नाही.” तिने क्षणभर पेन चावलं. “सर, नियमात बसणारा एक मार्ग आहे. बॅटरी संपू द्या. हात आपोआप थरथरेल, सही जुळेल, पैसे मिळतील. मग त्यातून बॅटरी घ्या.”

“आणि तोवर ह्यांचं काही बरंवाईट झालं तर?” बायकोने विचारलं.

“तर काहीच अडचण नाही, काकू. वारस म्हणून तुमची सही लागेल. तुमची जुळते.”

बायकोने पर्समधून रिमोट काढला. “अहो, खुर्ची घट्ट धरा,” म्हणाली आणि यंत्र बंद केलं.

आधी अंगठा हलला, मग मनगट, मग खांद्यापासून सगळा हात, आणि पाठोपाठ हनुवटी. पाण्याचा पेला टेबलावर नाचू लागला. मी कशीबशी सही केली आणि विजयी मुद्रेने कागद सरकवला. मुलीने भिंग लावून पाहिलं.

“सर, ही थरथर ती नाही.”

“म्... म्हणजे?”

“त्या थरथरीला एक वळण होतं. ही नुसतीच थरथर आहे.”

आजार बँकेला न कळवता वाढला होता. ही चूक माझीच.

बायको हटली नाही. तिने यंत्र पुन्हा सुरू केलं आणि रिमोटची कळ दाबत वीज थोडी थोडी चढवू लागली. प्रत्येक पायरीला मी एक सही करायचो आणि मुलगी मान आडवी हलवायची. एव्हाना मागची रांग आमच्याभोवती जमली होती. रांगेतला शिंपी तर नजर बारीक करून माझ्या हाताचं मापच घेऊ लागला. “बाई, अर्धा सूत खाली घ्या. आता किंचित वर. बस्स! हलवू नका!”

मी सही केली. मुलीची मान उभी हलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने तेवढ्या गडबडीत माझी हनुवटी पुसली, आणि रिमोट धरलेला तिचाही हात थरथरत असल्याचं मला दिसलं.

“आता लगेच नवा नमुना देऊन टाकतो,” मी म्हणालो.

“यंत्र लावून केलेला?” मुलगी गंभीर झाली. “मग ती सही तुमची की बॅटरीची? खातं बॅटरीच्या नावावर नाही, सर.”

मलाही हे सुचलं नसतं.

बॅटरी बदलली. डॉक्टरांना हात जोडून विनंती केली, तेव्हा त्यांनी रिमोटवर दोन वेगळ्या पायऱ्या ठरवून दिल्या, एक घरची आणि एक बँकेची. घरी मी बरा असतो आणि बँकेत नियमानुसार आजारी.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती, पण पुढच्या तपासणीला गेलो तर दवाखान्यात बसायला जागा नाही. कोचावर शिंपी बसला होता. हात अगदी धडधाकट. “खातं उघडलं तेव्हा मी अठराचा होतो,” तो म्हणाला. “तेव्हाची सही कमालीची ऐटबाज! आता जुळेना. डॉक्टरांना म्हटलं, दोन तारा घाला आणि हात तेव्हासारखा करून द्या.” शेजारच्या बाईंची सही लग्नाआधीच्या नावाची होती, त्यापलीकडच्या गृहस्थांची कर्ज घेण्याआधीच्या हौसेची. सगळे निरोगी, सगळे रांगेत. ज्यांचे हात खरंच थरथरत होते ते भिंतीला टेकून उभे होते.

“तुमचं बरं आहे हो,” शिंपी उसासा टाकून म्हणाला, “तुम्हाला खराखुरा आजार आहे!”

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. पण बँकेच्या खिडकीशी पोचण्याआधी एका कोपऱ्यात उभं राहून, रद्द स्लिपच्या पाठीवर, स्वतःच्याच सहीचा चोरून सराव कोण करत होतं, ते मी हयातभर काचेमागून बघत आलोय.