वीस चिंचोक्यांचे गुरुजी

नामदेव गुरुजी माणसाचं बोलणं चिंचोक्यांत मोजत. शिकवायला बसणाऱ्या आम्हा पोरांना दर रविवारी सकाळी ते मोजून वीस चिंचोके देत. तोंडातून एक वाक्य गेलं की एक चिंचोका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. वीस संपले की तोंडाला कुलूप. उरलेला वेळ मुलांनी बोलायचं आणि आपण ऐकायचं. मला ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, माझे वीस हजेरी संपेपर्यंतसुद्धा पुरत नसत.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साल-दोन सालातली. अनसिंगला विहाराच्या ओसरीवर रविवारची शिकवणी चाले. शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींनीच ती सुरू केली होती, पण ते स्वतः कधी शिकवत नसत. हायस्कुलातली आम्ही पाच-सहा पोरं खालच्या वर्गांतल्या मुलांना शिकवायचो, आणि गुरुजी आम्हाला शिकवायचे, म्हणजे खांबाला टेकून डोळे मिटून बसायचे. झोपले असं समजून एकदा मी तीन वाक्यं फुकटात बोलून घेतली. डोळे न उघडता गुरुजी म्हणाले, "तीन टाकायचे राह्यले, नाटक्या."

नाटक्या हे त्यांनी मला दिलेलं नाव. ते काही उगीच नव्हतं. अपूर्णांक शिकवताना मी स्वतःच भाकर व्हायचो. ओसरीवर आडवा पडून "अगाई गं, माझे दोन तुकडे झाले!" म्हणून कळवळायचो. मग भाकर पळवायला मांजर यायची, तीही मीच. मुलं लोळून हसत. पाण्याला निघालेल्या बाया डोक्यावरचे गुंड खाली ठेवून बघत उभ्या राहत. मला वाटे, असा मास्तर साऱ्या तालुक्यात नाही.

शिकवणी सुटली की गुरुजी आम्हाला एकेकट्याला लिंबाखाली बोलवत. चारचौघांत कोणाच्या शिकवण्यातली चूक त्यांनी कधी काढली नाही. तिथं स्वतःसाठी त्यांनी पाचच चिंचोके ठेवलेले असत.

"पोट्ट्यायनं आज तुले पाह्यलं. फळा कोणं पाह्यला?" एक चिंचोका गेला.

"हसले लय. पण गणित येऊन कोणाले राह्यलं?" दुसरा गेला.

"मले वाटते, तुलेच." तिसरा.

उरलेले दोन खिशात घालून ते उठले. मी बचावाचं भाषण तयार करून आणलं होतं, ते तसंच पोटात राहिलं.

मग मी युक्ती केली. पुढच्या रविवारी घरून खिसाभर चिंचोके आणले आणि दिलखुलास बोललो. शेवटी गुरुजींनी डबा पालथा केला, एक चिंचोका उचलला, दाढेखाली धरून कडकन फोडला आणि चावत म्हणाले, "हा भाजेल हाये. माह्यावाले कच्चे होते." एवढं बोलून त्यांनी दुसरा तोंडात टाकला.

माझ्या वर्गात कौसल्या होती. पाचवीतली, बारीक, मोठ्या डोळ्यांची. तिच्या वडिलांनी, किसनभाऊंनी, एका रविवारी शिकवणीला जाताना मला रस्त्यात गाठून साफ सांगितलं, "मास्तर, येत्या रविवारी मी सोता येतो पाह्यले. पोरीनं गणित आपल्या हातानं केलं त साहावी. नाई त सोमवारपासून मायसंगं वावरात निंदायले." कौसल्याला सहावीत जायचं होतं. इतकं जायचं होतं, की त्या दिवशी माझ्या मांजरीला ती एकटी हसली नाही. ते मला फार लागलं.

पुढच्या रविवारी किसनभाऊ आले. "जयभीम गुरुजी," म्हणून डोक्याचा दुपट्टा सोडून मांडीवर घेऊन बसले. मी फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद चार. कौसल्यानं खडू घेतला, वरचे दोन आकडे मिळवले, खालचे दोन मिळवले आणि लिहिलं, दोन छेद सहा.

माझ्या हातात अजून अकरा चिंचोके होते. मी तोंड उघडलं, तोच गुरुजींचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. हात कसला, अडकित्ता!

"गुरुजी, पोरीची शाळा जाऊन राह्यली," मी कुजबुजलो.

"गप बस."

ओसरीवर एक कोंबडी आली, सगळ्यांकडे बघून निघून गेली. किसनभाऊ खाकरले. "झालं काय वं बाई?"

कौसल्या फळ्याकडेच बघत होती. "बा, अर्धी भाकर न पाव भाकर म्हंजे किती?"

"पाऊण. येवढं त मलेबी येते."

"मंग हे कसं? साहातले दोन म्हंजे त अर्ध्याहूनबी कमी झालं. बाकीची भाकर गेली कुठं?"

"मांजरीनं खाल्ली!" मागून एक पोट्टं ओरडलं. सगळे हसले. कौसल्यानं तिकडे पाहिलंही नाही. तळहातानं फळा पुसला. "अर्धी म्हंजे दोन पाव," असं पुटपुटत दोन छेद चार लिहिलं, त्यात एक मिळवला, आणि खडू मोडेल इतका दाबून उत्तर लिहिलं. तीन छेद चार.

किसनभाऊ बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. त्यांना ते वाचता येत नव्हते. "गुरुजी, चुकली न चूक सोताच धरली. आमच्या घरात असं माणूस अजून झालं नवतं." उठून त्यांनी दुपट्टा बांधला. "जाऊ द्या साहावीत. निंदायले मी हावोच."

त्या दिवशी गुरुजींनी मला लिंबाखाली नेलं नाही, घरी नेलं. मी पहिल्यांदाच जात होतो. दोन खोल्या, झाडून लख्ख. त्यांनी स्वतः चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि बसून राहिले. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"आज तुले गप बसोलं, ते बरोबर झालं," ते म्हणाले. "पण सगळीकडं नाई होत बरोबर."

मग हळूहळू बायकोबद्दल सांगू लागले. "आमची सुभद्रा लय बोले. एकडाव इंझोरीले भाच्याच्या लग्नाले गेलती. आली ते सांगतच आली, ऐन वरातीत नवरदेवाचा घोडा पयाला म्हणे. मले पेपर तपासायचे होते. म्हणलं, आटप लवकर, घोड्याचं काय झालं तेवढं सांग. त ती म्हणे, राहू द्या, तुमाले घाई हाये. त्याच पावसाळ्यात गेली ती. घोड्याचं राहूनच गेलं."

"इंझोरीत कोणाले इचारलं नाई?"

"इचारलं ना. सापडला म्हणे. बस, येवढंच. सुभद्रानं अर्धा दिवस लावला असता रे." त्यांनी रिकाम्या खोलीकडे पाहिलं. "घर लय गप राह्यते. तू बोल काही. चांगलं लांबव."

मी इंझोरीला कधी गेलो नव्हतो. तो घोडा मी पाहिला नव्हता. पण मी उठून उभा राहिलो, कमरेला शर्ट खोचला, आणि घोडा सोडला. आधी त्याला मांडवातून काढला, व्याह्यांच्या अंगावरून नेला, मग मंगरुळपीरच्या रस्त्याला लावला. नवरदेव अजून पाठीवरच होता. रिठदपर्यंत न्यायचा माझा बेत होता, रस्ता चांगला लांब होता. घोडा बाजारात भज्यांच्या कढईपाशी अडला, तेव्हा दम घ्यायला मी जरा थांबलो. चहावर साय धरली होती.

गुरुजी पुढे सरकून बसले.

"पुढं?"