दारूच्या रकान्यातले नाना

नाना सकाळी कारखान्यात आले की आधी माझ्या टेबलाशी येत, खाली वाकत आणि माझ्या तोंडावर मोठा श्वास सोडत. "हुंगा भाऊ. काही वास येस का?" वास लसणाच्या चटणीचा असे. मी "नाही" म्हटलं की ते समाधानाने जागेवर जाऊन बसत.

आमचा कारखाना दारूगोळ्याचा, जळगाव जिल्ह्यातला. नाना मूळ भडगावकडचे. पूर्वी ते एवढी प्यायचे, की त्यांच्याजवळ काडी ओढू नका, असं सगळे म्हणत. एकदा त्यांनी एरंडोलला मोटरसायकल थेट पोलीस चौकीच्या ओट्यावर चढवली. त्यानंतर धुळ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून आले, त्याला आता दहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी आतल्या गोपनीय विभागात एक जागा निघाली. त्या विभागाचा लाल पास छातीवर लावून फिरायचं माझं जुनं स्वप्न. मी अर्ज केला, नानांनीही केला. पडताळणीच्या फॉर्मात एक रकाना होता: दारूमुळे कधी पोलीस केस, उपचार? मी ऐटीत 'नाही' लिहिलं. नानांनी चार पानं जोडली.

"नाना, एका ओळीत आटपा की."

"भाऊ, बठ्ठा गावले माहीत शे. आते काय दपाडू?"

मला मनातून बरं वाटलं. काहीच न लपवता गडी आपल्या हातानेच बाद झाला.

पण सुरक्षा अधिकाऱ्यांनी माझ्यादेखत त्यांचं कौतुक केलं. "जो काही लपवत नाही, त्याला कोणी धमकावू शकत नाही. उपचार घेतलेत, इतकी वर्षं टिकवलंय. लपवलं असतं तर मात्र नाव कापलं असतं." माझ्या स्वच्छ रकान्याबद्दल चकार शब्द नाही. त्या दिवशी वाटलं, आपणही तारुण्यात दोन-चार वर्षं प्यायला हवी होती.

पुढच्या आठवड्यात त्या अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. "नाना परत पितात, अशी शंका कधी आली?"

मागच्याच महिन्यात नाना न सांगता दोन दिवस गैरहजर होते, लाल डोळ्यांनी परतले होते. ताप होता, हे मला माहीत होतं. पण नुसतं 'सांगता येत नाही' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"मला का विचारता?" मी म्हणालो. "त्यांच्या घरच्यांना विचारा."

"बायको दोंडाईचाला माहेरी गेली ती परत आलीच नाही. मुलगा फोन उचलत नाही. फॉर्मात 'सर्वांत जवळून ओळखणारी व्यक्ती' या रकान्यात त्यांनी तुमचंच नाव लिहिलंय."

मी म्हणालो, "नऊ वर्षांत एकदाही नाही. लिहून देतो."

पास नानांना मिळाला. माझी चरफड अजून गेलेली नाही. ते लाल पास लावून फाटकातून जाताना दिसले की मी दुसरीकडे बघतो.

पास मिळाल्यावर त्यांनी रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. भरीत त्यांनीच केलं होतं, जरा करपलेलं. घरात दोनच ताटं होती. त्यांचं पोचे पडलेलं. माझं कोरं करकरीत. मागच्या बाजूला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.