झाडाखालच्या पतंगाचं बारसं

आमच्या तळ्याकाठच्या वर्बेनी गावच्या मुख्य चौकाला प्रत्येक राजवटीने आपापलं नाव दिलं. आधी राजाचं, मग राजाला घालवणाऱ्यांचं, मग त्यांना घालवणाऱ्यांचं. पाट्या रंगवणाऱ्याचं घर त्या कमाईवरच उभं राहिलं. गावकरी मात्र पहिल्यापासून त्या जागेला 'झाडाखाली' म्हणत, कारण तिथे चेस्टनटचं एक दांडगं झाड होतं आणि त्याच्या सावलीत रुमेनाचं कॉफीचं दुकान. दुकान म्हणजे आत एक चूल आणि बाहेर टेबलं. सावली गेली की दुकान गेलं, हे रुमेनाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एका जूनमध्ये झाडाच्या पानांवर तपकिरी डाग पडले. रुमेनाने एक पान उन्हाकडे धरलं, तर त्याच्या दोन पापुद्र्यांच्या मधे एक अळी निवांत जेवत होती. थोड्याच दिवसांत अळ्यांचे तांदळाच्या दाण्याएवढे पतंग झाले आणि गिऱ्हाइकांच्या कॉफीत पडू लागले. ऑगस्टमध्येच पानं गळायला लागली.

उपाय सगळ्या गावाला ठाऊक होता. अळीचे कोष गळलेल्या पानांतच हिवाळा काढतात, तेव्हा पानं गोळा करून जाळायची. शरदात तर तळ्याकाठच्या प्रत्येक दारात मिरच्या भाजायच्या भट्ट्या पेटतात, त्यात ही पानं कुठेही खपली असती. पण झाड नगरपालिकेचं, म्हणून पानंही नगरपालिकेची, अगदी गळल्यानंतरसुद्धा. रुमेना रीतसर परवानगी मागायला गेली आणि तिथेच चुकली.

वनस्पती विभागात स्पासे बसायचा. तो तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला.

"कीड कोणती, मावशी?"

"पान पोखरणारी."

"तो तिचा धंदा झाला. नाव काय?"

"मला काय माहीत रे? तिने सांगितलं नाही."

"मग अवघड आहे. उपद्रवी कीटकाचा नावानिशी नायनाट करावा, असा नियम आहे. बिननावाच्या जिवाला मी हात लावला आणि उद्या तो दुर्मीळ निघाला, तर?"

"दुर्मीळ? अरे, रोज कॉफीतून चमच्याने काढते मी."

"कॉफीत पडणं हा पुरावा धरता येत नाही," स्पासे हळहळून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. वाईट वाटण्यासाठी परवानगी लागत नाही.

किडीचं नाव शोधायला राजधानीतून कीटकांचे प्रोफेसर अव्राम आले. त्यांनी झाडाखालीच सूक्ष्मदर्शक मांडला आणि जाहीर केलं, "पंखांवरून काहीही सांगता येणार नाही. हे सगळे भाऊ-भाऊ दिसतात. खरी ओळख पोटाच्या टोकाला असते."

"आमच्या नगराध्यक्षांचंही तसंच आहे," सोतिर काका म्हणाले. हे रुमेनाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक आणि किडीविरुद्ध सर्वांत मोठ्याने ओरडणारंही. "तोंडावरून काही पत्ता लागत नाही."

पोटाची टोकं तपासून झाल्यावर प्रोफेसरांनी निकाल दिला की ही प्रजाती विज्ञानाला संपूर्ण नवी आहे. गावाला आनंद झाला. झाडाभोवती लाल फीत बांधण्यात आली. पतंग पहिल्यांदा याच झाडावर सापडला, तेव्हा झाडाची गळलेली पानं आता कचरा राहिली नाहीत, ती संशोधनसामग्री झाली. त्यांना झाडू लावायला मनाई झाली. कोषांनी सरकारी संरक्षणात हिवाळा काढला.

वसंतात तळ्याच्या पलीकडच्या देशातून हरकत आली. तिथल्या एका विद्वानाचं म्हणणं, या पतंगाचं नाव आपल्या गुरूंनी कधीच ठेवलेलं आहे. शास्त्राचा दंडक असा की पहिलं नाव तेच खरं, चुकीचं असलं तरी. मग गुरूंचा पतंग ज्या संग्रहालयात टाचणीला लावून ठेवला होता, तिथली पेटी उघडली. पंख शाबूत होते. पोट मात्र संग्रहालयातल्या भुंगेऱ्यांनी खाल्लं होतं, आणि ओळख तर पोटातच. प्रकरण परदेशातल्या एका समितीकडे गेलं.

"कधी लागेल निकाल?" रुमेनाने विचारलं.

"मावशी, आपल्या देशाच्या नावावरून शेजाऱ्यांशी भांडण होतं, ते मिटायला किती वर्षं गेली? आणि हा तर किडा," स्पासे म्हणाला.

इकडे गावाचं रक्त तापलं. 'जाळा, जाळा' म्हणणारे सोतिर काका आता टेबलावर मूठ आपटून सांगू लागले, "पतंग आमचा आहे. पलीकडच्यांनी डोळा ठेवू नये."

"तुमचाच आहे ना? मग घरी घेऊन जा की," रुमेना म्हणाली. त्यांनी राकिया दारूचा घोट घेतला आणि विषय बदलला.

नगराध्यक्ष बोगोया यांना निवडणूक जवळ दिसत होती. त्यांनी पतंगाला कुम द्यायचं ठरवलं. आमच्याकडे बाळाचं नाव आई-बाप ठेवत नाहीत, कुम ठेवतो. तो ठेवील ते नाव घरच्यांनी मुकाट्याने घ्यायचं, आणि कुमाचं नातं रक्ताच्या नात्याहून वरचं मानायचं. पतंगाचे कुम अर्थातच बोगोया झाले. झाडाखाली पोगाचा रोटी मोडली. पाद्रीबाबांनी अंग काढून घेतलं, म्हणून बँड लावला. प्रोफेसर अव्रामांनी बोगोयांनी ठेवलेलं नाव डोळे पुसत समितीला कळवलं.

रुमेना दुसऱ्याच दिवशी स्पासेपुढे उभी राहिली. "आता नाव आहे. आता तरी पानं जाळू दे."

स्पासेने कपाळाला हात लावला. "आता तर बोलायचीच सोय राहिली नाही. नगराध्यक्ष त्याचे कुम आहेत, मावशी. कुमाने आपलं लेकरू जाळायचं?"

"आणि झाड?"

"झाडाला कोणी कुम नाही."

त्या दिवशी रुमेनाला रडू आलं. अळीचा तिला राग नव्हता, ती बिचारी भुकेपोटी खात होती. राग होता तो सावलीत बसून त्या भुकेला टाळ्या वाजवणाऱ्यांचा, आणि त्यांना रोज कॉफी देणाऱ्या स्वतःचा.

समितीचा निकाल आला तो आणखी काही शरद गेल्यावर. दोन्ही नावं बाद करून तिसरं, तडजोडीचं नाव ठरलं. ते इतकं लांब निघालं की चौकाची नवी पाटी दोनदा घडवावी लागली. त्याच आठवड्यात झाडाची वाळलेली फांदी सोतिर काकांच्या टेबलावर कोसळली. काका थोडक्यात वाचले. झाड मेलेलं आहे हे तेव्हा कार्यालयाच्या लक्षात आलं, आणि दुपारच्या आत ते बुंध्यापासून कापलं गेलं.

"याला कशी रे लगेच परवानगी मिळाली?" रुमेनाने विचारलं.

"झाडाच्या नावाबद्दल वाद नव्हता ना, मावशी," स्पासे म्हणाला.

आता चौकाला अधिकृत नाव त्या पतंगाचं आहे. पतंग नाही. झाडच नाही म्हटल्यावर तो खाणार काय? गावकरी अजूनही 'झाडाखाली भेटू' म्हणतात आणि भर उन्हात डोळ्यांवर हात धरून उभे राहतात. रुमेनाने एक छत्री रोवली आहे, तिच्याखाली एकच टेबल मावतं. बाहेरगावचे लोक ही हकिकत तिच्या तोंडून शेवटपर्यंत ऐकतात, हळहळतात, आणि पाटी समोर असूनही विचारतात, "मग शेवटी नाव काय ठेवलं हो त्याचं?" तुम्हीही मघापासून त्याचीच वाट बघत होतात. झाड केवढं होतं, हे तिला अजून कोणी विचारलेलं नाही.