गेरिकच्या ढालीवरचं हरीण

"यंदाच्या झुंजीत मला ओळखणार नाही असा एक माणूस मैदानावर सापडला, तर नाव बदलीन!" असं बायकोला ठणकावून सांगत गेरिकने कुंचला रंगाच्या मडक्यात बुडवला.

त्याचं दुखणंच तसं होतं. हेनोच्या मुलखात लोखंडी शिरस्त्राण चढलं की सगळे स्वार सारखेच दिसायचे. माणूस ओळखायचा तो ढालीवरून. गेरिकच्या पिवळ्या ढालीवर वडिलोपार्जित लाल पट्टा होता. पण तोच पट्टा त्याच्या सख्ख्या, चुलत आणि मावस अशा झाडून सगळ्या भावांच्या ढालीवरही होता! मागच्या झुंजीत त्याने एक धिप्पाड स्वार लोळवला, तर भाटाने ललकारी दिली ती चुलतभाऊ लांबेरच्या नावाची! तेव्हापासून गेरिकला चैन म्हणून नव्हतं. जेवता जेवता रश्श्यात बोट बुडवून टेबलावर नक्षी काढायचा. अर्ध्या झोपेत उठून रंग खलायचा.

आधी त्याने हिरव्यावर लाल पट्टे काढून पाहिले.

"अहो, डोळ्यांत कांदा पिळल्यासारखं होतंय!" त्याची बायको एर्मेंगार म्हणाली.

खरवडलं. मग पांढऱ्यावर पिवळे ठिपके.

"शेळीच्या दुधात अंडं फुटलंय."

तेही खरवडलं. चौकडा झाला, लाटा झाल्या, तिरके पट्टे झाले. ढालीचं लाकूड झिजून पापड व्हायची वेळ आली. आणि मग झुंजीच्या आदल्या दिवशी त्याला सुचलं! काळी कुळकुळीत ढाल, त्यावर शंकरपाळ्यांसारखी गर्द जांभळी नक्षी, आणि मधोमध उडी मारणारं गडद निळं हरीण.

एर्मेंगारने जवळून पाहिलं आणि आ वासला. "अगं बाई! अगदी जिवंत!" मग कौतुकाने बघत बघत ती दारापर्यंत मागे गेली आणि थबकली. "अहो, हरीण कुठं गेलं?"

"लांबून कशाला बघतेस? जवळ ये!"

"अहो, पण मैदानावरचे लोक?"

"तेही येतील की जवळ! झुंज आहे ती, खिडकीतून गप्पा नव्हेत!"

"मला तर ती पलीकडच्या पक्षातल्या तिबोरावांची काळी ढाल वाटतेय."

"तिबो? त्याची ढाल नुसती कोरी काळी! त्या माणसाला नक्षीतलं काय कळतंय?"

सकाळी रंग अजून ओलाच होता. गेरिक आपल्या सरदाराच्या, म्हणजे एवरारच्या रांगेत उभा राहिला, पण त्याचा पाय रिकिबीत ठरेना. शेजारच्यांचं ढालीकडे लक्षच नव्हतं! शिंग वाजताच त्याने सगळ्यांच्या पुढे घोडा काढला, भरधाव शत्रूच्या दिशेने गेला, आणि आपल्या लोकांना ढाल समोरून दिसावी म्हणून ऐटीत वळून परत आला.

"तिबो आला रे! एकटाच आलाय! हाणा!" लांबेर ओरडला.

पहिला दणका त्याचाच बसला.

"अरे, मी गेरिक!" पण शिरस्त्राणातून आवाज आला तो रांजणात अडकलेल्या बोक्यासारखा.

"शिव्या देतोय! अजून हाणा!"

"ढाल बघा, ढाल!" गेरिकने ढाल उंच धरली. ओल्या रंगावर धूळ चिकटून हरणाचं डुक्कर झालं होतं, आणि तेही हाताच्या अंतरावरून बघणाऱ्याला. डावीकडून दणका, उजवीकडून दणका! शेवटी त्याचं डोकं फिरलं. इतके दिवस अंगात साठलेली सगळी तगमग त्या भाल्यात उतरली. लांबेर गडगडला. त्याच्यावर मावसभाऊ गडगडला. मग समोर आला एक आडदांड स्वार. गेरिकने घोड्याला टाच मारली आणि त्या स्वाराला असा काही ठोसला, की तो खोगिरावरून उडून थेट बदकांच्या डबक्यात!

डबक्याच्या काठावर त्याची ढाल उताणी पडली होती. निळ्यावर सोनेरी सिंह. गावाबाहेरून ओळखू यावा असा लखलखीत.

सरदार एवरार!

गेरिकने घोडा वळवला, शत्रूच्या तंबूंमधून वाट काढत झाडीत शिरला आणि ढाल ओढ्यात फेकून दिली.

संध्याकाळी दोन्ही पक्षांच्या मेजवानीत सरदाराच्या दाढीत अजून शेवाळ लोंबत होतं. पण गडी खुशीत! मनगटावर बक्षिसाचा पांढरा ससाणा घेऊन तो गरजला, "शत्रू असला तरी तिबो मर्द आहे! एकटा आमच्या अख्ख्या फळीवर चालून आला! शत्रूने पाडलं त्यात लाज कसली? आपल्यातल्या कुणी माझ्यावर भाला उचलला असता, तर वेशीवर उलटा टांगला असता!"

टाळ्या कडाडल्या. तिबो पांढऱ्याफटक चेहऱ्याने उठला, ससाणा घेतला आणि मेजवानी सोडून तडक तंबूंच्या मागे दडलेल्या गेरिककडे आला.

"गेरिक, हे तुझं आहे."

"माझं? ते कसं काय?"

"अरे, मी मैदानावर होतोच कुठे! रात्री वाम मासे खाल्ले, दिवसभर पोट धरून पडलो होतो. शिरस्त्राण वर सारून तू माझ्या तंबूला घासून पळालास ना, तेव्हा तुझं तोंडही दिसलं आणि धुळीतली ढालही. जांभळे शंकरपाळे, निळं हरीण! काय सुरेख काढलंयस रे! शेपटीचा झुबका तर लाजवाब!"

गेरिकचे डोळे भरून आले. इतके दिवस तो ज्या कौतुकासाठी झुरला होता, ते हेच! त्याने हात पुढे केलाच होता...

"चल," तिबो म्हणाला, "सरदारांना खरं काय ते सांगून टाकू."

हात झटकन मागे आला. "कसलं हरीण, तिबो? तो तूच होतास."

"मी?"

"तूच! पोटदुखीच्या ग्लानीत लढलास. होतं असं कधी कधी. ससाणा घे आणि गप्प बस, तुला देवाची शपथ!"

तेवढ्यात एर्मेंगार धापा टाकत आली. "तिबोराव! काय लढलात हो! मी तर बघ्यांच्या मचाणावर उभी राहून ओरडत होते!" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही हो? दिवसभर मी तुमच्यासाठी नजर लावून होते, कुठे दिसला नाहीत!"

गेरिकने एकदा ससाण्याकडे पाहिलं, एकदा तिबोकडे.

"वाम मासे," तो पोट धरून म्हणाला. "काल रात्री जरा जास्तच झाले."